साडूंचा पेशंट

भांडणाचा इतका तिटकारा आणि भांडणाऱ्या यंत्राचा इतका लळा एकाच माणसाच्या ठायी सुखानं नांदू शकतो, हे आमच्या थोरल्या साडूंना पाहिल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. अख्ख्या कोल्हापुरात आवाज न चढवता आयुष्य काढलेला हा एकमेव माणूस असावा. ज्या गावात 'जेवलास काय' हेसुद्धा चार घरं पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं विचारतात, तिथं हे गृहस्थ मंगळवार पेठेत जन्मले, वाढले, दातांचे डॉक्टर झाले, आणि तरीही त्यांचं बोलणं ऐकायचं तर खुर्ची पुढं ओढून बसावं लागायचं. मागून येऊन कुणी त्यांच्या स्कूटरला ठोकलं, तर हेच उतरून 'लागलं नाही ना तुम्हाला?' म्हणून विचारायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी यांना चुकवून पुढं गेला तर ते शेजाऱ्याच्या पानाकडं कौतुकानं बघत बसायचे. दात उपटायच्या आधी ते दोन शब्द पुटपुटतात, असं पेशंट सांगायचे. काहींना तो मंत्र वाटायचा. मी एकदा खुर्चीत असताना कान देऊन ऐकलं. ते दाताची माफी मागत होते.

साडू हे नातं तसं अवघडच. दोन परके पुरुष केवळ दोन बहिणींमुळं जन्मभर एकमेकांशी ताडून पाहिले जातात. सासुरवाडीत या ताडून पाहण्यात मी कायम खालीच राहिलो. मी वारणानगरच्या शाळेत मराठी शिकवणारा, आणि हे डॉक्टर. त्यातून स्वभावानं असे की सासूबाईंनी त्यांच्याबद्दल बोलताना डोक्यावरचा पदर सारखा करावा. माझा त्यांच्यावर राग असायला हवा होता, आणि तो धरायचा मी प्रामाणिक प्रयत्नही केला. पण रविवारी एसटीनं कोल्हापूरला उतरलो, की माझे पाय आपोआप त्यांच्या दवाखान्याकडं वळायचे. ते मला 'मास्तर' म्हणायचे आणि मी त्यांना 'डॉक्टर'. रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं ही मोठी करमणूक होती, कारण त्यांच्या लक्षात चेहरे राहत नसत, दात राहत. समोरून एखादा तालेवार माणूस हात जोडून यायचा आणि हे गोंधळून बघत राहायचे. तो हसला, की मग यांचा चेहरा उजळायचा. 'अरे, तुम्ही होय! डावीकडची खालची दाढ काय म्हणतेय?' शिवाय तोंडात बोटं, आरसा आणि कापूस असताना माणूस काय बोलतो, ते त्यांना लख्ख कळायचं. अशा अवस्थेत पेशंटांनी त्यांना सुनांच्या तक्रारी सांगितल्या आहेत, जमिनीच्या वाटण्या सांगितल्या आहेत, आणि यांनी 'हं, हं, मग धाकट्याचं काय म्हणणं पडलं?' असं विचारून त्या पुढं चालवल्या आहेत.

आता अशा माणसाला यंत्रांच्या मारामारीचा नाद लागावा? पण लागला. दोन हजार सालाच्या आसपास केबलवर कुठल्याशा परदेशी चॅनेलला यंत्रांच्या कुस्त्या दाखवायचे. भल्यामोठ्या पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडायची, बाहेर दोन माणसं रिमोट घेऊन उभी, आणि मग कुणी करवतीनं, कुणी हातोड्यानं समोरच्याचा चुराडा करायचा. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यामुळं घरातला टीव्ही नुकताच मोकळा झाला होता. एका दुपारी जेवणाचं ताट हातात घेऊन डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहिले ते आमटी गार होईपर्यंत उभेच. करवतवाल्यांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना आवडलं होतं एक चपटं, बसकं यंत्र. ते गपगुमान समोरच्याच्या खाली शिरायचं, आणि हवेच्या दाबानं त्याची पुढची झडप अशी फाडदिशी उघडायची की वरचा गडी उताणा!

'ते कुणाला दुखवत नाही हो, मास्तर,' पुढच्या रविवारी त्यांनी मला समजावून सांगितलं. 'कापत नाही, ठोकत नाही. नुसतं पालथं करतं.'

तसलं यंत्र आपण करायचं, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मात्र करायचं ते अगदी एवढंसं, हातरुमालाची घडी असते तेवढं. मी म्हटलं, 'डॉक्टर, जरा मोठं करा की, धरायला तरी येईल.' त्यावर ते कसंनुसं हसले. तीस वर्षं माणसाच्या जबड्यात काम केल्यामुळं तोंडाबाहेरची कुठलीही वस्तू त्यांना अवाढव्यच वाटायची. आणि हवा तर त्यांच्या घरचीच होती. दात कोरायचं ते सुंईऽऽ करणारं यंत्र हवेवरच फिरतं. त्यासाठी दवाखान्याच्या जिन्याखाली एक कॉम्प्रेसर कायम धापा टाकत असायचा.

पहिली हवेची टाकी त्यांनी दाढीच्या फेसाच्या रिकाम्या डब्याची केली. ती आतल्या खोलीत कॉम्प्रेसरच्या नळीला जोडून ते बाहेर एका कापडदुकानदाराची दाढ बघत होते. दुकानदार डोळे मिटून आ करून पडलेले. यांनी दाढेला नुसता आरसा लावला आणि त्याच क्षणी आत डबा फुटला. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. दुकानदार गळ्यातल्या फडक्यासकट खुर्चीतून उठले आणि 'फुटली! फुटली!' म्हणत थेट तालमीच्या कोपऱ्यापर्यंत पळाले. त्यांची समजूत अशी, की दाढच फुटली. मागून डॉक्टर चालत निघाले. धावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि ते आपल्या त्या हळू आवाजात सांगत होते, 'अहो, आ तसाच ठेवा. कापूस गिळाल.'

त्यानंतर टाकी नीट करून घ्यायला ते उद्यमनगरात लेथवाल्या चाचांकडं गेले. या चाचांचे पुढचे दोन दात यांनीच बसवले होते. चाचांनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, 'डॉक्टर, टाकी करायची हाय का दात बसवायचाय?' पण त्यांनी अंगठ्याएवढी सुबक पितळी टाकी करून दिली, बोटाएवढा दट्ट्या दिला आणि वर बजावलं, 'आता घरात काय फोडू नका.' रिमोट आणि चाकं खेळण्यातल्या मोटारीची आली, अंगाचा पत्रा ताईंच्या चपातीच्या डब्याच्या झाकणातून निघाला. ताई म्हणजे माझ्या मेव्हणी, डॉक्टरांच्या सौभाग्यवती. नवऱ्याच्या वाट्याचं बोलणं आणि ओरडणं त्यांनी लग्नापासून स्वतःकडं घेतलं होतं. झाकण नाहीसं झाल्यावर त्यांचा आवाज मी चौकात रिक्षातून उतरतानाच ऐकला. 'अवो, डबा उघडा पडलाय माझा! दात काढून पोट भरंना, म्हणून आता झाकणं काढायला लागलाय व्हय?' डॉक्टर आतून म्हणाले, 'हो ना, चुकलंच माझं.' आणि झाकणाला भोक पाडायला घेतलं.

यंत्राला नाव असं काही ठेवलं नव्हतं. पण ते रात्रंदिवस दवाखान्याच्या खुर्चीत दिव्याखाली पडून असायचं, हवा गळते तिथं दातात भरायचं सिमेंट भरून घ्यायचं, आणि झडप तपासताना डॉक्टर त्यालासुद्धा 'आ कर, मोठा आ,' म्हणायचे. त्यामुळं आम्ही सगळे त्याला 'पेशंट' म्हणायला लागलो. यातून जे घोटाळे झाले ते सांगायला नकोत. ताई एकदा नात्यातल्या लग्नात होत्या आणि डॉक्टरांनी मंगल कार्यालयात फोन केला. फोन घेणाऱ्या माणसानं भर मांडवात येऊन निरोप दिला, की 'डॉक्टरांचा फोन होता. पेशंटची हवा गेली, पण परत भरली, आता उड्या मारतोय.' नवऱ्यामुलाच्या आत्यांनी लगेच ताईंना बाजूला घेऊन विचारलं, 'मेलेला माणूस उठवला व्हय गं जावयांनी?'

पेशंट तयार झाल्यावर मात्र अडचण उभी राहिली. पालथं कुणाला करायचं? कोल्हापुरात एवढ्याशा यंत्राशी लढायला दुसरं यंत्र नव्हतं. त्यानं चपला पालथ्या केल्या, आमटीच्या वाट्या पालथ्या केल्या, प्लास्टरचे जबडे पालथे केले. शेजारच्या मांजरानं त्याला लांबून पाहिलं आणि ते त्या घरात यायचंच बंद झालं. शेवटी डॉक्टरांनी साबणाच्या डबीतून दुसरं यंत्र केलं, खास याच्याशी लढण्यासाठी. रविवारी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फरशीवर खडूनं गोल काढला, दोघांना समोरासमोर ठेवलं, एक रिमोट माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. मी साबणाची डबी पुढं रेटली. पेशंट जागचा हलला नाही. मी पुन्हा रेटली. डॉक्टर नुसते बघत उभे. मग त्यांनी वाकून दोघांनाही उचललं आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. 'नको, मास्तर,' म्हणाले, 'दोघं घरचेच आहेत.'

एवढं सगळं हसून चाललं होतं. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं होतं, की दवाखान्यातली गर्दी कमी होतेय. बाकांवर माणसं असत, पण डॉक्टर त्यांना दुसऱ्या एका तरुण डॉक्टरचं नाव सांगून तिकडं पाठवत. मला वाटलं, नादापायी दुर्लक्ष चाललंय. एका सुट्टीत ते एकटेच वारणानगरला आमच्याकडं आले. दुपारी कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं आम्ही फिरायला निघालो. उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. मी जरा धीर करून विचारलं, 'डॉक्टर, हल्ली पेशंट बघत नाही म्हणे?' ते थांबले. खिशातला उजवा हात बाहेर काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. फार नाही, वारा नसताना पिंपळाचं पान हलावं तशी.

'ऐकत नाही आता,' ते म्हणाले. 'औषधं चालू आहेत. वाढणार हळूहळू, असं सांगितलंय.'

मी विचारलं, ते मला त्या वेळी सुचलं म्हणून, 'मग ते एवढे बारीक स्क्रू कसे काय बसवता?'

'पडतात की. सारखे पडतात. उचलायचा, पुन्हा बसवायचा.' मग थोडं चालल्यावर म्हणाले, 'दाताला दुसरी संधी नसते, मास्तर. स्क्रूला असते. म्हणून तर हे काढलं.' आणि आणखी थोड्या वेळानं, 'हिला सांगू नका. आरडाओरडा करील, आणि मग रडत बसेल.'

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर टेबलाखाली पडलेला स्क्रू दिसला, की मी तो न बोलता उचलून त्यांच्याजवळ ठेवायला लागलो.

त्याच वर्षी गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रांच्या लढतीची स्पर्धा लागली. वर्तमानपत्रातलं ते चौकोनी कात्रण डॉक्टरांनी खिशात ठेवून इतक्यांदा काढलं, की ते घडीवर फाटलं. स्पर्धेत यंत्राचं वजन जास्तीत जास्त किती असावं ते दिलं होतं, कमीत कमी किती ते नव्हतं. 'म्हणजे चालेल,' डॉक्टर म्हणाले. आम्ही तिघं रिक्षानं निघालो. पेशंट फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात, आणि डबा ताईंच्या मांडीवर. ताई आल्या होत्या त्या यंत्रासाठी नव्हे. नाद लागला की हा माणूस जेवत नाही, म्हणून आल्या होत्या. त्यांच्याकडं दुसरा डबा होता, खरा.

मैदानात मांडव, लाकडी फळ्यांचा गोल आखाडा, आणि सगळी विशीतली पोरं. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा फुल शर्ट घातलेले डॉक्टर तिथं गेले तेव्हा नावं लिहून घेणाऱ्या मुलानं अदबीनं विचारलं, 'काका, मुलगा कुठाय तुमचा?' डॉक्टरांनी डबा उघडून दाखवला. मुलानं आत बघितलं, मग डॉक्टरांकडं बघितलं, आणि आपल्या सरांना बोलावून आणलं. इतकं लहान यंत्र स्पर्धेत धरता येणार नाही, पण मधल्या वेळेत एक गमतीची लढत लावू, असं ठरलं. समोर आलं ते इचलकरंजीच्या दोन पोरांचं यंत्र, गॅसच्या शेगडीएवढं, पुढं गरागरा फिरणारी लोखंडी थाळी. त्यातला एकजण कळवळून म्हणाला, 'काका, लागलं बिगलं तर आम्हाला काय म्हणू नका हां.'

शिट्टी झाली. डॉक्टरांनी रिमोटवर बोटं ठेवली आणि पेशंट जागच्या जागी थरथरायला लागला. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. पोरं खदखदून हसली. कुणीतरी ओरडलं, 'काकांचं यंत्र घाबरलं!' मी डॉक्टरांकडं बघितलं. कपाळाला घाम आला होता. डाव्या हातानं ते उजवं मनगट दाबून धरत होते, आणि यंत्र अधिकच लटपटत होतं. मी पुढं व्हावं की नको, या विचारात असतानाच ताईंनी जेवणाचा डबा माझ्या हातात कोंबला आणि त्या नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

'आणा इकडं.'

'अगं, तुला कसं...'

'शेजारणीची पोरं ह्येच घिऊन खेळत्यात की. आणा.' आणि मग त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. 'मला काय दिसत न्हाय व्हय? तुमच्या शर्टाची बटणं रोज सकाळी कोण लावतंय? मी विचारलं काय, का लावायची म्हणून?'

समोरची शेगडी गुरगुरत निम्म्या आखाड्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी रिमोट बायकोच्या हातात दिला. झडप उडवायचं बटण तेवढं कडेला होतं. त्यावर त्यांनी आपला तळवा ठेवला. तळव्यानं दाबायला बोटं स्थिर लागत नाहीत.

ताई लूना चालवायच्या तसं त्यांनी ते यंत्र चालवलं, म्हणजे समोरच्यानंच बाजूला व्हायचं अशा खात्रीनं. पेशंट सरळ सुटला, फिरत्या थाळीच्या बगलेतून गेला आणि मागच्या चाकाखाली नाक घालून उभा राहिला. 'आत्ता! दाबा, दाबा की!' ताई ओरडल्या. डॉक्टरांनी दाबलं. फाडदिशी आवाज झाला, शेगडीची एक बाजू वर उचलली गेली, ती फळीला टेकली आणि कुशीवर कलंडली. चाकं हवेत नुसती फिरत होती. 'जाग्यावर पलटी!' म्हणत सगळा मांडव उठला. माझ्या हातातल्या डब्यातली भाजी माझ्याच शर्टावर सांडली, ते मला घरी गेल्यावर कळलं.

जिंकलो मात्र नाही. कलंडलेल्या यंत्राची थाळी जमिनीला घासली आणि त्या झटक्यानं ते परत चाकांवर आलं. पेशंटची हवा तोवर संपली होती. ताईंनी त्याला बराच पळवला, पण एका कोपऱ्यात शेगडीनं त्याला गाठलंच. झडप उडून प्रेक्षकांत गेली. पितळी टाकी घरंगळत आमच्या पायाशी आली. ताई तिथल्या तिथं त्या दोन पोरांवर धावून गेल्या. 'एवढ्याशा जीवावर लोखंड घालताय? लाज न्हाय वाटत?' पोरं बिचारी 'काकू, सॉरी, काकू, सॉरी' करत मागं सरकत होती. आणि डॉक्टर? डॉक्टर टाळ्या वाजवत होते. दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या देखत. हात थरथरतायत की टाळ्या वाजतायत, ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. मग त्यांनी त्यातल्या एका पोराच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा सुजलेला गाल निरखला आणि सांगितलं, 'अक्कलदाढ आडवी येतेय. परीक्षेच्या आधी काढून घे.'

रिक्षात मोडका पेशंट डॉक्टरांच्या मांडीवर होता आणि त्यांचा उजवा हात ताईंच्या हातात. मी पुढं रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसलो आणि रस्त्याकडं बघत राहिलो.

पुढं दवाखाना त्या तरुण डॉक्टरनं चालवायला घेतला. जुने पेशंट अजून घरी येतात. दात दाखवायला नव्हे, तोंडभर बोलायला येतात. नवं यंत्रही झालं, पण त्याचे स्क्रू ताईंनी बसवले. डॉक्टर शेजारी बसून सांगायचे, 'अर्धा फेरा. आता पाव.' आणि ताई म्हणायच्या, 'कळतंय मला, गप बसा.' मग तेही मागं पडलं. कंप डाव्या हातातही उतरला, बोलणं मुळात हळू होतं ते आणखी हळू झालं. निवृत्तीनंतर माझंही कोल्हापूरला जाणं पूर्वीसारखं होत नाही.

परवा गेलो होतो. ताईंनी चहा आणला. माझ्या हातात कप दिला तर तो अर्धाच भरलेला. मी चेष्टेनं म्हणणार होतो, की ताई, पाहुण्यांना आता निम्माच चहा का? तेवढ्यात डॉक्टरांनी दोन्ही हातांनी आपला कप उचलला. तो हिंदकळत ओठांपर्यंत गेला, आणि अर्धाच असल्यामुळं त्यातला थेंबही सांडला नाही. मी ताईंच्या कपाकडं पाहिलं. तोही अर्धाच होता. सगळ्यांचे संपल्यावर त्या उठल्या आणि किटली घेऊन आल्या. आम्हा तिघांच्याही कपांत त्यांनी पुन्हा अर्धा अर्धा चहा ओतला.